शहराजवळचं छोटं लिबरल आर्ट्स कॉलेज कसं निवडावं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीनंतर अमेरिकेत पदवीसाठी जायचंय, मोठ्या युनिव्हर्सिटीच्या गर्दीत नको, पण रानात एकटं पडायलाही नको, असं म्हणणाऱ्या मुलांचे आणि त्यांच्या आईवडिलांचे हे प्रश्न आहेत. व्हिसाचे नियम आणि गाड्यांची वेळापत्रकं दोन्ही वरचेवर बदलतात. पैसे भरण्याआधी त्या त्या ठिकाणी पुन्हा एकदा पाहून घ्या.

१. लिबरल आर्ट्स म्हणजे आर्ट्स साइडच ना? मुलगा तर सायन्सचा आहे.

नावामुळे फसगत होते. फिजिक्स, बायोलॉजी, गणित, कॉम्प्युटर सायन्स ही सगळी या कॉलेजांत असतातच. पहिल्या दिवशीच विषय पक्का करावा लागत नाही, एवढाच मुख्य फरक. बहुतेक ठिकाणी मेजर, म्हणजे मुख्य विषय, दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस ठरतो. चार वर्षांतले साधारण तिसरा हिस्सा कोर्स मेजरचे आणि उरलेले इतर विषयांतले असतात.

ओरेगनमधल्या पोर्टलंडचं रीड कॉलेज पाहा. तिथे फिजिक्स केलं तरी पदवीवर बी.ए. असंच लिहिलेलं असतं. आणि त्याच कॉलेजात १९६८ पासून एक संशोधन अणुभट्टी आहे, ती चालवणारी मुलं पदवीचीच. तेव्हा पदवीच्या कागदावर बी.ए. दिसलं म्हणून घाबरू नका. मात्र परत येऊन भारतात सरकारी नोकरी किंवा सरकारी विद्यापीठात पुढचं शिक्षण घ्यायचं असेल, तर समकक्षता प्रमाणपत्र, म्हणजे ही पदवी इथल्या पदवीच्या बरोबरीची असल्याचा कागद, घ्यावं लागू शकतं. त्यासाठी चारही वर्षांची ट्रान्सक्रिप्ट्स, म्हणजे अधिकृत गुणपत्रकं, जपून ठेवा.

इंजिनिअरिंग हवं असेल तर पर्याय कमी आहेत, पण आहेत. फिलाडेल्फियाजवळच्या स्वार्थमोरमध्ये इंजिनिअरिंगची पदवी मिळते आणि कॅलिफोर्नियातल्या हार्वी मडची तर तीच ओळख आहे. एमबीबीएससारखा बारावीनंतर थेट डॉक्टर करणारा अभ्यासक्रम इथे नाही.

२. छोटं म्हणजे किती छोटं?

साधारण एक ते तीन हजार विद्यार्थी. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या ज्युनिअर कॉलेजात अकरावी-बारावी मिळून तेवढी मुलं असतात. एम.एस. आणि पीएच.डी.चे विद्यार्थी जवळपास नसतात, त्यामुळे प्रोफेसरच्या लॅबमधलं काम पदवीच्या मुलांच्या वाट्याला येतं आणि शिफारसपत्र लिहिणारा माणूस तुम्हाला नावाने ओळखत असतो.

तोटाही छोटं असण्यातच आहे. एखाद्या विभागात चार-पाचच प्रोफेसर असतात. त्यातला एक सबॅटिकलवर, म्हणजे संशोधनासाठीच्या लांब रजेवर, गेला की त्याचा कोर्स त्या वर्षी होतच नाही. माहितीपुस्तिकेत चाळीस कोर्स छापलेले असतात आणि प्रत्यक्षात वर्षाला वीसच चालतात. म्हणून पुस्तिकेवर विसंबू नका, मागच्या दोन वर्षांची सेमिस्टरवार वेळापत्रकं पाहा. ती बहुतेक कॉलेजांच्या रजिस्ट्रारच्या पानावर उघडी असतात. ही उणीव शेजारच्या कॉलेजांमुळे कशी भरून निघते, ते प्रश्न ७ मध्ये आहे.

३. कॉलेज चांगलं असेल तर शहर कशाला हवं?

अभ्यासाला नकोच. शहर लागतं ते बाकीच्या गोष्टींना: विमानतळ, डॉक्टर, डोळ्यांचा चश्मा, किराणा, संग्रहालयं, आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी इंटर्नशिप. ‘इंटर्नशिपसाठी पहिल्या वर्षापासून शहर हवं’ हे मात्र परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीत खरं नाही. कारण प्रश्न १३ मध्ये दिलंय.

४. वेबसाइटवर ‘शहरापासून अर्ध्या तासावर’ असं लिहिलंय. ते खरं मानायचं का?

तो अर्धा तास बहुधा रविवारी सकाळी, मोकळ्या रस्त्यावर, स्वतःच्या गाडीने लागणारा असतो. तुमच्याकडे गाडी नसणार. त्यामुळे अंतर किती मैल, हे विचारून काही कळत नाही. शनिवारी रात्री शहरातून परत यायला शेवटचं वाहन किती वाजता आहे, हे विचारा. जाता येतं सगळीकडून. अडतं ते परतताना.

तपासायची पद्धत अशी:

कॉलेजच्या पत्त्याऐवजी डॉर्मचं, म्हणजे वसतिगृहाचं, नाव नकाशावर टाका. कॅम्पसच्या एका टोकाला गेट आणि दुसऱ्या टोकाला डॉर्म, यात सहज पंधरा मिनिटं जातात.

मग सार्वजनिक वाहतुकीचा पर्याय निवडून तीन प्रवास शोधा. बुधवारी दुपारी एक वाजता कॅम्पसहून शहरात, म्हणजे सेमिस्टर चालू असताना अर्ध्या दिवसाची इंटर्नशिप जमेल का ते कळतं. शनिवारी रात्री साडेदहाला शहरातून कॅम्पसवर. आणि रविवारी सकाळी विमानतळावर. तिसऱ्या शोधात बऱ्याच कॉलेजांचं पितळ उघडं पडतं, कारण रविवारी काही बस धावतच नाहीत.

त्यानंतर रेल्वे किंवा बस कंपनीचं स्वतःचं वेळापत्रक उघडून दोन गाड्यांत किती अंतर आहे ते बघा. तासाला एक गाडी असेल तर ‘पंचवीस मिनिटांचा प्रवास’ चुकलेल्या गाडीसकट दीड तासाचा होतो. मुंबईच्या लोकलची सवय असलेल्यांना हे पचायला वेळ लागतो.

शेवटी शटल, म्हणजे कॉलेजची स्वतःची बस. तिच्याबद्दल तीन गोष्टी विचारा: सुट्टीत चालते का, जागा आधी बुक करावी लागते का, आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना चालते का. ‘शटल आहे’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका.

५. खरोखर रेल्वेच्या रुळावर असलेली कॉलेजं कोणती?

सर्वांत सोयीचा पट्टा फिलाडेल्फियाच्या पश्चिमेला आहे. स्वार्थमोर कॉलेज शहरापासून सुमारे १८ किलोमीटरवर. सेप्टाच्या, म्हणजे फिलाडेल्फियाच्या सार्वजनिक वाहतूक संस्थेच्या, मीडिया-वावा मार्गावरचं स्वार्थमोर स्टेशन कॅम्पसच्या पायथ्याशीच आहे. गाडीतून उतरलं की समोर हिरवळीचा चढ, त्यावर झाडांची रांग आणि वर मुख्य इमारत. शहराच्या मध्यात जायला अर्धा तास धरा. गर्दीची वेळ सोडली तर गाड्या साधारण तासाला एक. हॅवरफर्ड आणि ब्रिन मॉर ही दोन कॉलेजं पाओली-थॉर्नडेल मार्गावर आहेत, आणि दोन्हींची स्वतःच्या नावाची स्टेशनं चालत जाण्याच्या अंतरावर. तिथून शहर पंचवीस मिनिटांच्या आसपास.

पण रूळ आहेत म्हणून गाडीही कायम राहील असं समजू नका. २०२५ मध्ये पैशांच्या तुटीमुळे सेप्टाने काही उपनगरी मार्ग बंद करण्याचा प्रस्ताव मांडला होता. त्या यादीत पाओली-थॉर्नडेलही होता. राज्याने भांडवली निधी वापरायला परवानगी दिल्यावर ते संकट तूर्त टळलं. चार वर्षांसाठी कॉलेज निवडताना स्थानिक बातम्यांत त्या मार्गाचं नाव एकदा शोधून बघा.

बोस्टनजवळ वेल्स्ली. मुलींचं कॉलेज, शहरापासून २० किलोमीटर. वेल्स्ली स्क्वेअर हे स्टेशन कॅम्पसपासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे आणि तिथून साउथ स्टेशनला पाऊण तासाच्या आत पोचता येतं. शिवाय केंब्रिजला, एमआयटीच्या बाजूला जाणारी बस वेगळी.

न्यूयॉर्कच्या बाबतीत दोन टोकं आहेत. सारा लॉरेन्स ब्रॉंक्सव्हिल स्टेशनजवळ, तिथून ग्रँड सेंट्रल अर्ध्या तासावर. व्हॅसार पोकीप्सीला, शहरापासून सुमारे १२० किलोमीटर. मेट्रो-नॉर्थच्या हडसन मार्गाचं ते शेवटचं स्टेशन असल्यामुळे जाताना जागा हमखास मिळते, पण वेळ पावणेदोन ते दोन तास लागतो आणि कॅम्पस ते स्टेशन हे चार किलोमीटर वेगळे. व्हॅसार म्हणजे शनिवार-रविवारी न्यूयॉर्क. रोजची इंटर्नशिप तिथून जमत नाही.

शिकागोच्या उत्तरेला लेक फॉरेस्ट आहे, मेट्राच्या युनियन पॅसिफिक नॉर्थ मार्गावर. एक तास धरा.

कॅलिफोर्नियात क्लेअरमाँटची पाच कॉलेजं: पोमोना, क्लेअरमाँट मकेना, स्क्रिप्स, पिट्झर आणि हार्वी मड. पोमोनाहून मेट्रोलिंकचं स्टेशन चालत दहाएक मिनिटांवर. लॉस एंजेलिसचं युनियन स्टेशन तिथून एक तास. तिकीट काढताना जवळचा विमानतळ ऑन्टारिओ निवडा, कारण एलएएक्स, म्हणजे लॉस एंजेलिसचा मुख्य विमानतळ, सुमारे ८० किलोमीटर दूर पडतो. फक्त हे ऑन्टारिओ कॅलिफोर्नियातलं आहे, कॅनडातलं नव्हे, एवढं तिकिटावर पाहून घ्या.

६. शहराजवळ नको, शहरातच हवं. तशी छोटी कॉलेजं आहेत का?

आहेत. न्यूयॉर्कचं बर्नार्ड, हे मुलींचं. ब्रॉडवेवर, ११६व्या रस्त्याच्या सबवे स्टेशनला लागून. समोरच कोलंबिया युनिव्हर्सिटी, जिथे डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात शिकले. बर्नार्डच्या मुलींना कोलंबियाचे कोर्स घेता येतात आणि पदवीही कोलंबियाचीच मिळते. सुमारे तीन हजार मुली, त्यामुळे ‘छोटं’ या शब्दाच्या कडेला उभं असलेलं कॉलेज.

मिनेसोटातलं मॅकॅलेस्टर सेंट पॉल शहराच्या निवासी भागात आहे. कोफी अन्नान तिथून १९६१ मध्ये पदवीधर झाले. विमानतळावरून ब्लू लाइनने ४६व्या रस्त्याच्या स्टेशनपर्यंत यायचं, तिथून ए लाइन बसने स्नेलिंग आणि ग्रँडच्या कोपऱ्यावर उतरायचं, की कॉलेज. टॅक्सी लागत नाही. फक्त जानेवारीत उणे वीस अंशांत बसची वाट पाहायची तयारी ठेवा. शहर जवळ असलं तरी थंडी बाहेर पडू देत नाही, हा मुद्दा नकाशावर दिसत नाही.

रीड पोर्टलंडमध्येच, मध्यवर्ती भागापासून आठेक किलोमीटर, शहर बसच्या मार्गावर. ऑक्सिडेंटल लॉस एंजेलिसच्या ईगल रॉक भागात. बराक ओबामा तिथे दोन वर्षं शिकून कोलंबियाला गेले. ते आहे शहरात, पण लॉस एंजेलिसच्या विस्तारात बसने फिरणं वेळखाऊ. शहराच्या हद्दीत असणं आणि शहर हाताशी असणं यातला फरक बघायचा असेल तर ऑक्सिडेंटल आणि मॅकॅलेस्टर यांचे प्रश्न ४ मधले तीन शोध शेजारी शेजारी ठेवून पाहा.

७. कन्सोर्टियम म्हणजे काय? त्याने नेमका काय फायदा होतो?

शेजारच्या कॉलेजांनी एकमेकांचे कोर्स आपल्या मुलांना खुले करणं. क्लेअरमाँटची पाच कॉलेजं एकमेकांना खेटून आहेत. एका वर्गातून उठून दुसऱ्या कॉलेजात दहा मिनिटांत चालत जाता येतं. कन्सोर्टियम असावं तर असं.

फिलाडेल्फियाकडे ब्रिन मॉर आणि हॅवरफर्ड यांच्यात बस धावते आणि मुलं खरोखर ये-जा करतात. स्वार्थमोर त्या दोघांपासून जरा लांब. तिथे जाणं-येणं धरून एका कोर्सला अर्धा दिवस जातो, त्यामुळे कागदावर तिघं एक असली तरी वापर तितका होत नाही. पेन्सिल्वेनिया युनिव्हर्सिटीचे कोर्सही या तिघांना घेता येतात. वेल्स्लीच्या मुलींना एमआयटीचे.

अडचण येते ती सेमिस्टरच्या तारखांची. दोन संस्थांच्या सुट्ट्या आणि परीक्षा जुळत नाहीत. शिवाय मेजरसाठी लागणारे कोर्स बाहेरून किती घेता येतात, याला मर्यादा असते. ती विभागागणिक वेगळी असते, म्हणून विभागाच्या पानावर पाहा.

८. तिथे जाऊन गाडी घेतली तर हा सगळा प्रश्नच मिटेल ना?

नाही. अनेक कॉलेजं पहिल्या वर्षाच्या मुलांना कॅम्पसवर गाडी ठेवू देत नाहीत. भाड्याने घ्यायची तर बहुतेक कंपन्या २१ वर्षांखालच्यांना गाडी देत नाहीत किंवा फार महाग देतात, आणि २५ वर्षांपर्यंत जादा शुल्क असतंच. विम्याचा हप्ता अठरा-एकोणीस वर्षांच्या नव्या चालकाला चांगलाच झोंबतो. पहिली दोन वर्षं गाडी नाही असं धरूनच निवड करा.

९. खर्च किती? आणि आम्हाला मदत मिळेल का?

फी, राहणं, जेवण, विमा मिळून बहुतेक नामांकित खासगी कॉलेजांत वर्षाला ८५ हजार डॉलरच्या वर. शहराजवळ असल्याने कॉलेजचा आकडा विशेष वाढत नाही, कारण बरीच मुलं कॅम्पसवरच राहतात आणि तिथेच जेवतात. वाढतो तो वरखर्च.

मदतीच्या बाबतीत तीन प्रकार समजून घ्या. नीड-ब्लाइंड म्हणजे प्रवेश देताना तुम्ही पैसे मागितलेत की नाही हे बघितलंच जात नाही. परदेशी विद्यार्थ्यांना असं वागवणारी लिबरल आर्ट्स कॉलेजं मोजकीच. ॲमहर्स्ट आणि बोडन ही त्यांतली दोन. नीड-अवेअर म्हणजे मागितलेली रक्कम बघितली जाते आणि त्यामुळे प्रवेश अवघड होतो. पण स्वार्थमोर, पोमोना, व्हॅसार, मॅकॅलेस्टर यांसारखी कॉलेजं एकदा प्रवेश दिला की त्यांच्या हिशेबाने निघणारी पूर्ण गरज भागवतात. तिसरा प्रकार गुणवत्तेवरच्या स्कॉलरशिपचा. लेक फॉरेस्ट आणि सारा लॉरेन्स त्या देतात. या रकमेने फी कमी होते, पण शून्यावर क्वचितच येते.

सगळ्यांत महागात पडणारी चूक अशी: ‘आधी प्रवेश मिळू दे, मग मदत मागू’ म्हणून अर्जात ‘मदत नको’ असं भरायचं. बऱ्याच कॉलेजांत परदेशी विद्यार्थ्याने प्रवेशाच्या वेळी मदत मागितली नाही तर पुढची चारही वर्षं मागता येत नाही. तो एक चौकोन टिचकवण्याआधी घरात बसून हिशेब करा.

१०. आमची शेतजमीन आहे, घर आजोबांच्या नावावर आहे. फॉर्ममध्ये काय लिहायचं?

आर्थिक मदतीसाठी सीएसएस प्रोफाइल (बऱ्याच कॉलेजांना चालणारा ऑनलाइन फॉर्म) किंवा कॉलेजचा स्वतःचा फॉर्म भरताना रक्कम कोणत्या चलनात मागितली आहे ते आधी पाहा. सीएसएसमध्ये रुपयांत भरता येतं. तिथे डॉलर समजून आकडे भागून टाकले तर वार्षिक उत्पन्न हास्यास्पद दिसतं आणि फाइल अडकते.

सातबाऱ्यावर पाच नावं असतील तर आपल्या हिश्श्याचीच किंमत लिहा आणि स्पष्टीकरणाच्या रकान्यात ‘एकत्रित नावावर, पाच वाटेकरी, वाटणी झालेली नाही, विकता येत नाही’ हे साध्या इंग्रजीत सांगा. घर आजोबांचं असेल तर ते आईवडिलांच्या मालमत्तेत धरू नका, पण भाडं देत नाही हेही लपवू नका. फॉर्म १६, आयकर विवरणपत्र, बँकेची उलाढाल आणि नोकरीचं पत्र हे चारही कागद एकमेकांशी जुळले पाहिजेत. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी ते उत्पन्नच, त्यामुळे विवरणपत्रातल्या आकड्यासारखंच फॉर्ममध्येही दाखवा. मराठी कागदांसोबत इंग्रजी भाषांतर जोडा.

११. महाराष्ट्र बोर्डाच्या बारावीवर प्रवेश मिळतो का?

मिळतो. अडचण बोर्डाची नसते, कागदांची असते. कॉमन ॲपला, म्हणजे अनेक कॉलेजांसाठी एकच असलेल्या ऑनलाइन अर्जाला, नववी ते बारावीचे गुण लागतात, दोन शिक्षकांची शिफारसपत्रं लागतात आणि शाळेतल्या काउन्सेलरचा अहवाल लागतो.

ज्युनिअर कॉलेजात काउन्सेलर नसतो. ते काम प्राचार्य किंवा उपप्राचार्य करू शकतात, त्यांचा ईमेल त्या जागी द्या. क्लाससोबतच्या ‘इंटिग्रेटेड’ ज्युनिअर कॉलेजात असाल तर तिथल्या शिक्षकांनी तुम्हाला पाहिलेलंही नसतं आणि पत्रात ते लगेच दिसतं. अकरावीच्या दुसऱ्या सहामाहीत निदान दोन शिक्षकांच्या तासाला नियमित बसा. हा या सगळ्या पानावरचा सर्वांत स्वस्त सल्ला आहे.

टक्क्यांचं जीपीएत, म्हणजे अमेरिकी गुणांकात, रूपांतर स्वतः करू नका, जसे आहेत तसे पाठवा. बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो आणि प्रवेशाचा निर्णय मार्चअखेर येतो, म्हणून बारावीच्या सहामाही आणि पूर्वपरीक्षेचे गुण कॉलेजच्या लेटरहेडवर, शिक्क्यासह तयार ठेवा. बोर्डाचे गुण फारच घसरले तर कॉलेज खुलासा मागू शकतं.

१२. अर्ली डिसिजनने शक्यता वाढते म्हणतात. करावा का?

अर्ली डिसिजन बांधून घेणारा असतो: एकाच कॉलेजला, नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात अर्ज, आणि निवड झाली की बाकीचे अर्ज मागे. मदतीची रक्कम पुरत नसेल तर सुटका करून घेता येते, पण इतर कॉलेजांच्या रकमांशी तुलना करायची संधी गेलेली असते. दुसरी फेरी आणि नेहमीचा अर्ज दोन्ही जानेवारीच्या सुरुवातीला. प्रश्न ४ मधली तपासणी ज्या कॉलेजाबाबत पूर्ण केली नाही, तिथे अर्ली डिसिजन टाकू नका.

१३. सेमिस्टर चालू असताना शहरात इंटर्नशिप करता येते का?

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पहिलं पूर्ण शैक्षणिक वर्ष कॅम्पसबाहेर काम करता येत नाही. कॅम्पसवर मात्र आठवड्याला २० तासांपर्यंत चालतं: लायब्ररी, मेस, लॅब.

त्यानंतर सीपीटी, म्हणजे शिकत असताना कॅम्पसबाहेर काम करायची परवानगी, पण त्यासाठी ते काम अभ्यासक्रमाचा भाग असावं लागतं. म्हणजे कॉलेजात त्या इंटर्नशिपला जोडलेला कोर्स हवा. मोठ्या युनिव्हर्सिटीत असे कोर्स भरपूर असतात, छोट्या कॉलेजांत कधी एकच असतो, कधी तोही नसतो. शहर पंचवीस मिनिटांवर असून सीपीटी मिळत नसेल तर त्या जवळिकीचा इंटर्नशिपला उपयोग शून्य. इंटरनॅशनल ऑफिसला अर्ज करण्याआधीच ईमेलने विचारा: ‘सेमिस्टरमध्ये अर्धवेळ सीपीटी मिळते का आणि कोणत्या कोर्सखाली?’ उत्तर गुळमुळीत आलं तर ते ‘नाही’ समजा.

बिनपगारी इंटर्नशिपला परवानगी लागत नाही, हा समज धोकादायक आहे. ऑफिसला विचारल्याशिवाय सुरू करू नका. दुसरा पर्याय पदवीआधीचा ओपीटी. ओपीटी म्हणजे आपल्या विषयाशी संबंधित काम करायची एकूण बारा महिन्यांची परवानगी, जी बहुतेक जण पदवीनंतर वापरतात. आधी पूर्णवेळ वापरली तर तेवढे दिवस आणि अर्धवेळ वापरली तर त्याच्या निम्मे दिवस त्या बारा महिन्यांतून वजा होतात. पूर्णवेळ सीपीटी बारा महिने झाली तर त्या पदवीच्या पातळीवरचा ओपीटी पूर्णच जातो.

१४. इकॉनॉमिक्स घेतलं तर ओपीटी एकच वर्ष मिळतो ना?

विषयाच्या नावावर नाही, आय-२० वर (व्हिसासाठी कॉलेज देतं तो कागद) छापलेल्या सीआयपी कोडवर, म्हणजे विषयाच्या सरकारी क्रमांकावर, ते ठरतं. ४५.०६०१ हा साध्या इकॉनॉमिक्सचा कोड. ४५.०६०३ हा इकॉनोमेट्रिक्सचा आणि तो स्टेम, म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग आणि गणिताच्या, यादीत आहे, त्यावर आणखी २४ महिने मागता येतात. कोर्स सारखेच असून दोन कॉलेजांचे कोड वेगळे असू शकतात. मेजर जाहीर करण्याआधी कोड पाहा. पदवी हातात आल्यावर तो बदलून मिळत नाही.

१५. फक्त मुलींचं कॉलेज म्हणजे कोंडल्यासारखं होत नाही का?

ब्रिन मॉरच्या वर्गात हॅवरफर्डची मुलं बसलेली असतात, बर्नार्डच्या मुली कोलंबियाच्या वर्गात, वेल्स्लीच्या एमआयटीत (प्रश्न ७). कोंडणारी गोष्ट एकही नाही. ब्रिन मॉर १८८५ मध्ये सुरू झालं. पुढच्याच वर्षी तिथून पंचवीस मिनिटांवरच्या फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या आणि पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. मुलीला त्या गावी पाठवण्यात आता नवं असं काही राहिलेलं नाही.

१६. व्हिसाच्या मुलाखतीत कॉलेजचं नावच ओळखलं नाही तर?

शक्य आहे. कॉलेज किती नामांकित आहे हे पटवायला लागू नका. दोन वाक्यं पुरतात: इथे कोणता विषय, कशासाठी, आणि पैसे कुठून, किती. मुंबईच्या बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीच्या खिडकीवर त्याहून जास्त वेळ मिळतच नाही.

१७. हिवाळ्याच्या सुट्टीत डॉर्म बंद होतात म्हणे. मग राहायचं कुठे?

डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत किंवा त्याही पुढे बरीच कॉलेजं डॉर्म बंद करतात. परदेशी विद्यार्थ्यांना अर्ज करून राहता येतं, पण मेस बंद असते आणि शटलही बंद असते. रेल्वेजवळचं कॉलेज खऱ्या अर्थाने इथे कामाला येतं. अर्जाची मुदत बहुधा नोव्हेंबरातच संपते, ती हुकली तर विनवण्या कराव्या लागतात. थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात डॉर्म उघडे असले तरी मेस बंद असू शकते, आधी चौकशी करा. एका कुकरची परवानगी आहे का हेही विचारून ठेवा. खोलीत विजेची शेगडी बहुतेक ठिकाणी चालत नाही, मजल्यावरचं सामाईक स्वयंपाकघर चालतं.

१८. पोहे, भाकरीचं पीठ, गोडा मसाला कुठे मिळेल?

पिठं आणि पोहे कुठल्याही भारतीय दुकानात. फिलाडेल्फियाकडून मोठी खरेदी करायची तर न्यू जर्सीतल्या एडिसन-आयझलिनचा ओक ट्री रोड: ३०व्या रस्त्याच्या स्टेशनवरून सेप्टाने ट्रेंटन, तिथे एनजे ट्रान्झिटची गाडी बदलून मेट्रोपार्क. अर्धा दिवस जातो, चाकांची बॅग न्या. गोडा मसाला मात्र घरूनच.

१९. पुण्यात फ्लेम युनिव्हर्सिटी आहे की. मग एवढ्या लांब कशाला?

लिबरल शिक्षणच हवं असेल आणि चार वर्षांचा अमेरिकेचा खर्च पेलणारा नसेल तर तो विचार जरूर करा. फक्त तिच्या लवळ्याच्या कॅम्पसहून डेक्कनला यायला शनिवारी संध्याकाळी किती वेळ लागतो, ते प्रश्न ४ च्या पद्धतीने तिथेही तपासा.

२०. दूरच्या कॉलेजने जास्त पैसे दिले आणि शहराजवळच्याने कमी. आता?

फरक वर्षाला तीन-चार हजार डॉलरचा असेल तर शहराजवळचं घ्या. दूरच्या कॉलेजात विमानतळापर्यंतच्या खेपा, सुट्टीत राहण्याची सोय, उन्हाळ्यात दुसऱ्या शहरात भाड्याने खोली, यात तेवढे जातातच. फरक दहा हजारांच्या वर गेला तर दूरचं. शहराची किंमत वर्षाला आठ-नऊ लाख रुपये होत नाही.

‘दूर’ मध्येही प्रकार आहेत. आयोवातलं ग्रिनेल डि मॉइनपासून सुमारे ९० किलोमीटर, प्रवासी रेल्वे नाही. तिथे कॉलेजच्या शटलवर अवलंबून राहावं लागतं. मेन राज्यातलं बोडन मात्र लांब असूनही बोस्टनच्या नॉर्थ स्टेशनहून सुटणाऱ्या ॲमट्रॅकच्या डाउनइस्टर गाडीच्या शेवटच्या स्टेशनजवळ आहे, प्रवास साडेतीन तासांच्या आसपास. तिथून बोस्टन रोजचं होणार नाही, पण महिन्यातून एकदा आणि घरी येताना-जाताना गाडी नक्की आहे.

रकमांची तुलना करताना प्रवेशपत्रातलं ‘लोन’ आणि ‘कॅम्पस जॉब’ वजा करून फक्त ‘ग्रँट’ चा, म्हणजे परत न करायच्या मदतीचा, आकडा घ्या. फी दरवर्षी वाढते, तेव्हा ग्रँट वाढते की तीच राहते, हे लेखी विचारा. उत्तराची मुदत साधारण १ मे. फेरविचाराचं पत्र पाठवायचं असेल तर दुसऱ्या कॉलेजचं पत्र जोडून एप्रिलच्या पहिल्या दहा दिवसांत पाठवा. शेवटच्या आठवड्यात त्यांच्याकडेही पैसे उरलेले नसतात.